सिटकाच्या टेकडीवरचे दोन झेंडे : अलास्का राज्य कसं झालं

उत्तरवारी

अलास्काच्या राजधानीत, जुनोला राहायला येऊन मला आठ वर्षं झाली. या गावातून बाहेर जायला रस्ता नाही. विमान, नाहीतर फेरीबोट. अशाच एका बोटीने गेल्या ऑक्टोबरात सिटकाला गेले आणि १८ तारखेला तिथल्या टेकडीवर जाऊन उभी राहिले. पाऊस होताच. दरवर्षी या दिवशी तिथे १८६७चा प्रसंग पुन्हा करून दाखवतात : रशियाचा झेंडा उतरतो, अमेरिकेचा चढतो, बंदुकांची सलामी होते. टेकडीच्या पायथ्याशी काही त्लिंगिट (इथल्या मूळ जमातीची) माणसं ढोल घेऊन उभी होती. त्यांच्यातल्या एका आजींना मी विचारलं, तुम्ही वर येणार नाही का? त्या म्हणाल्या, "वर आमचंच घर होतं. पाहुणी म्हणून कशी येऊ?"

या टेकडीला त्लिंगिट भाषेत 'नूव त्लेन' म्हणतात, म्हणजे मोठा किल्ला. तिथे किक्सादी कुळाची घरं होती. १८०२मध्ये त्लिंगिटांनी जवळचं रशियन ठाणं जाळलं. १८०४मध्ये रशियनांचा इथला प्रमुख बारानोव्ह 'नेवा' हे जहाज आणि शेकडो अल्यूट (पश्चिमेकडच्या अल्यूशियन बेटांवरची मूळ जमात) माणसं घेऊन परत आला, लढाई झाली, त्लिंगिट मागे हटले आणि टेकडी रशियनांकडे गेली. पुढे याच जागी रशियन अमेरिकेची राजधानी झाली, नोव्हो-अर्खांगेल्स्क.

आजींच्या त्या वाक्यामुळे घरी आल्यावर वाचायला बसले. कुणाची तरी जमीन तिसराच कुणीतरी चौथ्याला विकतो, चौथा ती ९२ वर्षं सांभाळतो आणि मग तिचं राज्य होतं, हे नेमकं कसं घडलं ते लिहायचा प्रयत्न करते. चुकलं तर सांगा.

विक्रीपासून सुरुवात करते. रशियाने हा मुलूख विकला, कारण तो त्यांना झेपत नव्हता. समुद्री ऊदमांजरांच्या कातड्यासाठी ते इथे आले आणि अल्यूट शिकाऱ्यांना जबरदस्तीने राबवून त्यांनी तो प्राणी जवळपास संपवला. अल्यूटांची वस्तीही काही पिढ्यांतच कोसळली. १७९९ची सनद मिळालेली रशियन-अमेरिकन कंपनी कर्जात होती. अख्ख्या अलास्कात एका वेळी हजारभरसुद्धा रशियन कधी नव्हते. त्यात क्रिमियाचं युद्ध हरल्यावर झारला वाटायला लागलं की पुढच्या लढाईत इंग्रज कॅनडाच्या बाजूने येऊन हा प्रदेश फुकट घेतील. त्यापेक्षा अमेरिकेला विकलेला बरा.

२९ मार्च १८६७च्या रात्री रशियाचा राजदूत स्टेकल, अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड याच्या घरी गेला. झारची परवानगी आली आहे, उद्या करार करू, म्हणाला. सेवर्ड पत्ते खेळत होता. उद्या कशाला, आत्ताच करू, असं म्हणून त्याने कारकुनांना उठवून कचेरी उघडायला लावली. पहाटे चारच्या सुमारास सह्या झाल्या. ७२ लाख डॉलर. एकराला साधारण दोन सेंट. महाराष्ट्राच्या पाचपट मुलूख एका रात्रीत हातचा गेला, आणि तिथे राहणाऱ्या एकाही माणसाला त्याची खबर नव्हती.

सिनेटने ९ एप्रिलला ३७ विरुद्ध २ मतांनी करार मंजूर केला. 'सेवर्डचा मूर्खपणा' हे शब्द शाळेच्या पुस्तकांतून फार गाजले आहेत, पण सगळा देश हसत होता असं काही नव्हतं. बरीचशी वर्तमानपत्रं सौद्याच्या बाजूनेच होती. पैसे मात्र रखडले. प्रतिनिधिगृहाने रक्कम मंजूर केली ती १८६८च्या जुलैत.

ताबा त्याआधीच, १८ ऑक्टोबर १८६७ला दिला गेला. रशियन झेंडा उतरवताना काठीवर अडकला. सैनिकाला वर चढवून तो सोडवावा लागला. त्लिंगिटांना टेकडीवर येऊ दिलं नव्हतं. ते खाली खाडीत होड्यांमधून बघत होते. आणखी एक गोष्ट त्याच दिवशी झाली. रशियन पंचांग जुनं, शिवाय आंतरराष्ट्रीय वाररेषा अलास्काच्या दुसऱ्या बाजूला सरकली, त्यामुळे सिटकात शुक्रवारनंतर पुन्हा शुक्रवारच आला.

कराराच्या तिसऱ्या कलमाने मला रात्रभर झोपू दिलं नाही. ज्यांना रशियाला परत जायचं आहे त्यांनी तीन वर्षांत जावं. जे राहतील त्यांना अमेरिकन नागरिकांचे सगळे हक्क मिळतील, 'असंस्कृत मूळ जमाती वगळून'. म्हणजे बाहेरून आलेले मूठभर नागरिक, आणि हजारो वर्षांचे रहिवासी कुणीच नाहीत.

पुढचं प्रतिसादात लिहिते, नाहीतर फार लांबेल.

चाफा

वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. वाररेषेचं काहीच माहीत नव्हतं. सिटका हे नावसुद्धा आजच कळलं.

कायदेकानू

उत्तम धागा. एक मुद्दा कायद्याच्या बाजूने मांडतो. त्या काळच्या युरोपीय कायद्यात 'शोधाचा हक्क' मानला जायचा. जो ख्रिस्ती राजा आधी पोचला, त्याचा मुलूख. त्यामुळे रशियाने नेमकं काय विकलं हा प्रश्न अमेरिकन न्यायालयांना फार उशिरा पडला. त्लिंगिटांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं : रशियनांकडे सिटकाची टेकडी आणि त्याभोवतीची थोडी जागा होती, तेवढीच त्यांना विकता आली असती. हे म्हणणं मला आजही तर्काला धरून वाटतं. कंपनीची माणसं किल्ल्याच्या कुंपणाबाहेर फिरायलाही धास्तावायची. मग १५ लाख चौरस किलोमीटरवर मालकी कसली?

खलाशी

कायदेकानू, पटलं. पण मग जगातला कोणता सौदा टिकेल? फ्रान्सने लुईझियाना विकला तेव्हा तरी तिथल्या जमातींना कुणी विचारलं होतं? मला वाटतं त्या काळाकडे त्या काळाच्या नजरेने बघावं. मी मालवाहू जहाजावर होतो, अल्यूशियन बेटांवरच्या डच हार्बर बंदराला दोनदा गेलोय. तो किनारा बघून सांगतो, तिथे कुणाचंही राज्य चालवणं सोपं नाही. वाऱ्यात उभं राहता येत नाही.

उत्तरवारी

खलाशी, तुम्ही डच हार्बरला गेला आहात हे वाचून आनंद झाला. मी अजून तिकडे गेले नाही. पण 'त्या काळाची नजर' म्हणताना त्या काळातल्या त्लिंगिटांची नजरही धरायला हवी ना? त्यांनी तेव्हाच, तिथेच हरकत घेतली होती. ही आपण आज मागाहून लावलेली नजर नाही.

आता कारभाराबद्दल. मुलूख घेतला खरा, पण तो चालवायचा कसा हे कुणी ठरवलंच नव्हतं. पहिली दहा वर्षं लष्कराकडे. दिवाणी कायदा नाही, न्यायालय नाही, जमिनीचा कागद करून देणारं कुणी नाही. सिटकात घर बांधलं तर ते तुमचं आहे हे सिद्ध करता येत नव्हतं. १८६९मध्ये या लष्करी राजवटीत केक आणि रँगल इथली त्लिंगिट गावं तोफांनी उडवली गेली. १८७७मध्ये आयडाहोत नेझ पर्स जमातीशी लढाई लागल्यावर सैन्य तिकडे गेलं आणि सगळा अलास्का सिटकातल्या जकात अधिकाऱ्याच्या हाती आला. सिटकातले गोरे रहिवासी त्लिंगिटांना इतके घाबरले, की १८७९मध्ये त्यांनी कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदरातल्या इंग्रजांकडे मदत मागितली. 'ऑस्प्रे' ही इंग्रज युद्धनौका आली आणि आठवडेच्या आठवडे सिटकाच्या खाडीत उभी राहिली. अमेरिकेचा मुलूख इंग्रजांचं जहाज राखत होतं! त्यानंतर आरमाराला जाग आली आणि १८८४पर्यंत अलास्का आरमाराने चालवला.

त्या आरमारी वर्षांतलं अँगूनचं प्रकरण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ऑक्टोबर १८८२. एका व्यापारी कंपनीच्या व्हेल पकडण्याच्या होडीवर भाल्याची तोफ फुटली आणि तिथे काम करणारे एक त्लिंगिट शामान (जमातीचे मांत्रिक-वैद्य) दगावले. त्लिंगिट रिवाजाप्रमाणे अपघाताचीही भरपाई द्यावी लागते. कुळाने २०० ब्लँकेटं मागितली, काम थांबवलं. कंपनीने आरमाराला बोलावलं. अधिकाऱ्याने उलट गावालाच ४०० ब्लँकेटांचा दंड केला. तो पूर्ण भरता आला नाही, म्हणून २६ ऑक्टोबरला गावावर तोफा डागल्या, घरं जाळली, होड्या फोडल्या, हिवाळ्यासाठी साठवलेलं खाणं नष्ट केलं. धुराने सहा मुलं मेली. नंतरच्या हिवाळ्यात उपासमारीने किती गेले, त्याची मोजदाद नाही. एक होडी त्या दिवशी बाहेर होती म्हणून वाचली. तिच्यामुळे मासे आणता आले, सरपण आणता आलं, आणि गाव जगलं. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बीव्हर हा प्राणी कोरलेला होता. तो बीव्हर १९९९मध्ये न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाच्या कोठारात सापडला आणि पुढे अँगूनला परत आला.

आरमाराने माफी मागितली ती २०२४च्या ऑक्टोबरात, बरोबर १४२ वर्षांनी. अँगूनचे लोक दरवर्षी त्या तारखेला विचारायचे, 'आज कुणी आरमाराच्या वतीने आलंय का?' तीनदा विचारायचे आणि शांत बसायचे.

चाफा

हे शेवटचं वाचून हात थांबला. दरवर्षी विचारायचे... आणि कुणी उत्तर द्यायला नसायचं.

मीनाक्षी

सिएटलला राहते. आमच्याकडे अलास्का म्हणजे क्रूझ, सामन मासा आणि सोनं. शाळेत मुलीला क्लोंडाइक नदीकाठच्या सोन्याचा धडा होता, त्यात सिएटलच्या दुकानदारांनी सोनं शोधायला जाणाऱ्यांना सामान विकून कशी भरभराट केली ते होतं. अँगूनचं नाव कुठेच नव्हतं. उत्तरवारी, १८८४ला काय झालं?

उत्तरवारी

मीनाक्षीताई, १८८४च्या मे महिन्यात पहिला ऑरगॅनिक ॲक्ट, म्हणजे कारभार ठरवणारा कायदा, आला. त्याने अलास्काचा 'जिल्हा' झाला. गव्हर्नर, एक न्यायाधीश, एक मार्शल, चार कमिशनर. कायदे ऑरेगन राज्याचे, जसेच्या तसे. आणि स्पष्ट लिहिलं होतं की विधिमंडळ असणार नाही, वॉशिंग्टनला प्रतिनिधी पाठवता येणार नाही. त्यात एक कलम मात्र पुढे फार कामाला आलं : मूळ रहिवासी ज्या जमिनी वापरत आहेत किंवा आपल्या म्हणतात, त्यांवरून त्यांना हलवलं जाणार नाही, मालकीचं काय ते काँग्रेस पुढे ठरवेल. हे 'पुढे' ८७ वर्षांनी उजाडलं.

सोनं खरं तर कॅनडाच्या हद्दीत सापडलं, पण वाट अलास्कातून, स्कॅगवे आणि चिलकूट खिंडीतून. मग १८९९पासून नोमच्या समुद्रकाठच्या वाळूतसुद्धा सोनं. १९००च्या जनगणनेत अलास्कात ६३,५९२ माणसं होती. एवढ्या गर्दीपुढे तो एकच न्यायाधीश काय करणार? काँग्रेसने तीन न्यायालयं केली, आणि नोमला नेमून आलेला न्यायाधीश आर्थर नॉयेस एका राजकीय दलालाशी, अलेक्झांडर मॅकेन्झीशी संगनमत करून आला होता. खाणींवर दावे ठोकायचे, न्यायाधीशाने त्या मॅकेन्झीच्या ताब्यात द्यायच्या, त्याने सोनं उपसायचं. खाणवाल्यांना थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या वरच्या न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा कुठे ते थांबलं. मॅकेन्झी तुरुंगात गेला. ज्यांना आपण निवडलं नाही, ज्यांना आपण काढू शकत नाही, त्यांच्या हातात न्याय गेला की काय होतं, ते नोमच्या लोकांनी असं बघितलं.

ती घाण साफ करायला ज्या न्यायाधीशाला पाठवलं, तो जेम्स विकरशॅम. पुढे तो अलास्काचा प्रतिनिधी झाला (१९०६पासून एक प्रतिनिधी पाठवता यायचा, पण त्याला मत नव्हतं). १९१२ला त्याने दुसरा ऑरगॅनिक ॲक्ट मिळवला, अलास्का अधिकृत टेरिटरी (राज्याचा दर्जा नसलेला, केंद्राच्या हाताखालचा मुलूख) झाला, जुनोत विधिमंडळ बसलं. १९१३च्या त्या पहिल्याच अधिवेशनाने बायकांना मताचा हक्क दिला, साऱ्या देशाच्या सात वर्षं आधी. पण मासे, शिकार, फर यांवर कायदा करायचा हक्क या विधिमंडळाला नव्हता! अलास्कात मासे सोडले तर दुसरं होतं काय? राज्याचा दर्जा मागणारं पहिलं विधेयक विकरशॅमने १९१६ला मांडलं. ते तिथेच पडून राहिलं.

खलाशी

माशांचं मी सांगू शकतो. तिकडच्या जुन्या लोकांकडून 'फिश ट्रॅप'बद्दल ऐकलं आहे. सामन समुद्रातून नदीकडे परत येतो तेव्हा ठरलेल्या वाटेने येतो. त्या वाटेवर ओंडके आणि जाळी लावून मोठा सापळा करायचा. मासा आपोआप आत येतो. ना होडी लागते, ना माणसं. डबाबंद सामनच्या कंपन्यांचे असे सापळे होते आणि कंपन्यांचे मालक सिएटल-सॅन फ्रान्सिस्कोत. गावचा कोळी जाळं घेऊन रिकामा बसायचा. आम्ही कोकणातले, आम्हाला हे समजायला वेळ लागत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाचा मासा दुसऱ्याच्या सापळ्यात जाताना बघणं फार वाईट असतं.

मघाचं माझं वाक्य थोडं मागे घेतो. अँगूनबद्दल मला माहीत नव्हतं.

मीनाक्षी

आणि जहाजांचं? इथे सगळे म्हणतात की अलास्काचा माल सिएटलहूनच जायचा.

उत्तरवारी

हो, तो १९२०चा जोन्स ॲक्ट. एका अमेरिकन बंदरातून दुसऱ्या अमेरिकन बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकन बांधणीचं, अमेरिकन मालकीचं हवं. जोन्स हे वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर. अलास्काला व्हँकुव्हर जवळ, पण तिथून स्वस्तात माल आणता येत नव्हता. टेरिटरीने न्यायालयात दाद मागितली, तीही फेटाळली गेली. आजही इथे दुधाची किंमत बघितली की मला तो कायदा आठवतो.

कायदेकानू

मूळ रहिवाशांच्या नागरिकत्वाचं काय झालं, ते कुणी लिहिलं नाही. मी लिहितो. १९१२ला सिटकात अलास्का नेटिव्ह ब्रदरहुड ही मूळ रहिवाशांची संघटना उभी राहिली. १९२४ला काँग्रेसने सगळ्या मूळ अमेरिकनांना नागरिक केलं आणि त्याच वर्षी त्लिंगिट वकील विल्यम पॉल टेरिटरीच्या विधिमंडळावर निवडून आले. लगेच पुढच्या वर्षी मतदाराला इंग्रजी वाचता आलं पाहिजे असा कायदा झाला. तो कुणासाठी होता हे उघड आहे.

मग १९४५. जुनोतल्या दुकानांवर, खाणावळींवर 'नेटिव्ह नको' अशा पाट्या असायच्या. भेदभावबंदीचं विधेयक टेरिटरीच्या सिनेटमध्ये आलं तेव्हा एका सिनेटरने विचारलं की पाच हजार वर्षांची लिखित संस्कृती असलेल्या आम्हा गोऱ्यांच्या शेजारी, नुकत्याच रानटीपणातून बाहेर आलेल्या या लोकांना बसायचं कशाला? गॅलरीत त्लिंगिट कार्यकर्त्या एलिझाबेथ पेराट्रोविच बसल्या होत्या. त्या उठून बोलल्या. आशय असा : नुकत्याच रानटीपणातून बाहेर आलेल्या माझ्यासारखीला, पाच हजार वर्षांची संस्कृती असलेल्या सद्गृहस्थांना आपल्या राज्यघटनेतल्या हक्कांची आठवण करून द्यावी लागेल असं वाटलं नव्हतं. विधेयक मंजूर झालं. १६ फेब्रुवारी १९४५ला गव्हर्नर अर्नेस्ट ग्रुनिंग यांनी सही केली. दक्षिणेतल्या राज्यांत असा कायदा यायला आणखी जवळपास वीस वर्षं लागली.

चाफा

या बाईंबद्दल वेगळा धागा हवा. कुणीतरी काढाच.

नॅशव्हिलकर

एक जोड देतो. मी बारा वर्षं टेनेसीत आहे. अलास्काच्या राज्याच्या गोष्टीत आमचं राज्य नावानिशी येतं, हे इथल्या लोकांनाही फारसं माहीत नाही.

टेनेसी हा मूळचा नॉर्थ कॅरोलायनाचा डोंगरापलीकडचा मुलूख. १७८४मध्ये त्यांनी तो केंद्राला देऊन टाकला आणि थोड्याच महिन्यांत मन बदलून परत घेतला. मधल्या गोंधळात तिथल्या लोकांनी 'फ्रँकलिन' नावाचं आपलं राज्यच काढलं, जॉन सेवियर गव्हर्नर. चारेक वर्षं ते चाललं, पण कुणी मान्यता दिली नाही. १७८९च्या डिसेंबरात नॉर्थ कॅरोलायनाने मुलूख पुन्हा दिला, १७९०ला काँग्रेसने तो घेतला आणि नैर्ऋत्य टेरिटरी केली. नियम उत्तरेकडच्या टेरिटरीचेच, फक्त गुलामगिरीवरची बंदी वगळली होती. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी विल्यम ब्लाउंटला गव्हर्नर केलं. तो स्वतःच जमिनीचा मोठा सट्टेबाज. १७९१ला चेरोकींशी होल्स्टनचा तह करून जमीन घेतली, तरी वसाहतवाले रेषेपलीकडे घुसतच राहिले आणि रक्त सांडत राहिलं.

राज्य व्हायला ६०,००० स्वतंत्र रहिवासी हवे होते. १७९५ला शिरगणती केली : ७७,२६२ माणसं, त्यांतली १०,६१३ गुलाम. पण पुढे काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण तोवर एकही टेरिटरी राज्य झाली नव्हती. म्हणून त्यांनी काँग्रेसला विचारलंच नाही. १७९६च्या सुरुवातीला नॉक्सव्हिलला बसून घटना लिहिली, गव्हर्नर निवडला, दोन सिनेटर निवडून फिलाडेल्फियाला, तेव्हाच्या राजधानीला, पाठवून दिले आणि कळवलं की आम्ही राज्य आहोत. सिनेटरांना बसू दिलं नाही, बराच वाद झाला, पण १ जून १७९६ला टेनेसी सोळावं राज्य झालं. आधी प्रतिनिधी पाठवून द्यायचे आणि मग दार ठोठवायचं, या रीतीला 'टेनेसी प्लॅन' नाव पडलं. अलास्काने तीच रीत १९५६ला वापरली. पुढचं उत्तरवारी यांनीच सांगावं.

उत्तरवारी

नॅशव्हिलकर, फार आभार. फ्रँकलिनची गोष्ट मला एवढी नीट माहीत नव्हती.

मधल्या युद्धाने सगळं बदललं, ते थोडक्यात सांगते. १९४२च्या जूनमध्ये जपानने डच हार्बरवर बाँब टाकले, अट्टू आणि किस्का ही बेटं घेतली. अमेरिकेने आठ-नऊ महिन्यांत कॅनडातून अलास्कापर्यंत रस्ता काढला, तळ बांधले, सैनिक आले. अल्यूटांना 'सुरक्षेसाठी' म्हणून त्यांच्या बेटांवरून उचलून आग्नेय अलास्कातल्या पडक्या कॅनरींमध्ये, म्हणजे मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत, ठेवलं. तिथे औषधपाण्याविना म्हातारी माणसं आणि मुलं मेली. परत गेले तेव्हा घरं लुटलेली होती. युद्धानंतर बरेच सैनिक इथेच राहिले. त्यांना मतदान करायची सवय होती आणि इथे राष्ट्राध्यक्षासाठी मत नव्हतं. १९४६च्या सार्वमतात ९,६३० लोकांनी राज्य हवं म्हटलं, ६,८२२ जणांनी नको.

'नको' म्हणणाऱ्यांची बाजूही सांगायला हवी. कर वाढतील, एवढ्याशा वस्तीला राज्याचा खर्च पेलणार नाही, ही भीती खरी होती. कॅनरीवाल्यांचा विरोध मात्र भीतीपोटी नव्हता. वॉशिंग्टनमध्ये दक्षिणेतले सिनेटर अडून बसले, कारण अलास्काचे दोन नवे सिनेटर नागरी हक्कांच्या बाजूने मत देतील. रिपब्लिकनांना हवाई हवं होतं, डेमोक्रॅटांना अलास्का. दोघांच्या हिशेबात दोन्ही अडकले.

८ नोव्हेंबर १९५५ला फेअरबँक्सजवळच्या विद्यापीठात घटना समिती बसली. ५५ सदस्य, १७८७ला फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना लिहिणाऱ्यांइतकेच, मुद्दाम. अध्यक्ष विल्यम ईगन, व्हाल्डीझचे दुकानदार. सगळे भर हिवाळ्यात तिथे राहिले आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला मसुदा पूर्ण केला. त्या घटनेतला नैसर्गिक संपत्तीचा भाग मी दोनदा वाचला. मासे, वन्यप्राणी आणि पाणी त्यांच्या नैसर्गिक अवस्थेत लोकांच्या सामायिक वापरासाठी राखलेले आहेत, असं त्यात लिहिलं आहे. सापळ्यांनी पोळलेल्या माणसांनीच हे लिहिलं असणार. पण त्या ५५ जणांत मूळ रहिवासी एकच होते, फ्रँक पेराट्रोविच, एलिझाबेथ यांचे दीर. एकच.

एप्रिल १९५६ला लोकांनी तीन गोष्टींवर मतं दिली : घटना, टेनेसी प्लॅन आणि सापळ्यांवर बंदी. सर्वांत मोठं मताधिक्य सापळ्यांच्या बंदीला मिळालं. खलाशी, हे खास तुमच्यासाठी.

मग ग्रुनिंग आणि ईगन हे दोन 'सिनेटर' आणि राल्फ रिव्हर्स हे 'प्रतिनिधी' निवडून वॉशिंग्टनला गेले. त्यांना गॅलरीत बसवलं, ओळख करून दिली, पण सभागृहात जागा नाही. दीड वर्ष ते एकेका दाराशी जात राहिले. आतून बॉब बार्टलेट, मत नसलेले प्रतिनिधी, शांतपणे काम करत होते. २८ मे १९५८ला प्रतिनिधिगृहात २१० विरुद्ध १६६. ३० जूनला सिनेटमध्ये ६४ विरुद्ध २०. अँकरेजच्या वर्तमानपत्राने पानभर दोनच शब्द छापले, ज्यांचा अर्थ 'आपण आत आलो'. तिथे ४९ टन लाकडांची होळी पेटली. फेअरबँक्सच्या लोकांनी चेना नदी सोनेरी करायला रंग ओतला, ती हिरवी झाली. ३ जानेवारी १९५९ला अलास्का ४९वं राज्य झालं.

कायदेकानू

आणि जमीन?

उत्तरवारी

तेच सांगायचं राहिलं होतं. राज्याला सुमारे १०.४ कोटी एकर जमीन निवडून घ्यायचा हक्क मिळाला. त्याच कायद्यात असंही लिहिलं होतं की मूळ रहिवाशांच्या जमिनींवर राज्य हक्क सांगणार नाही. पण कोणत्या त्यांच्या, हे ठरलं कुठे होतं? राज्याने निवड सुरू केली ती लोकांच्या शिकारीच्या, मासेमारीच्या जागांवरच. गावागावांतून दावे आले, १९६६ला केंद्राने जमीनवाटप थांबवलं. १९६८ला उत्तर किनाऱ्यावरच्या प्रूडो बेला प्रचंड तेल सापडलं, आणि दावे मिटल्याशिवाय पाइपलाइन टाकता येईना. मग ज्या प्रश्नाला कुणाला वेळ नव्हता, त्याला लगेच वेळ मिळाला. १८ डिसेंबर १९७१चा कायदा : ४.४ कोटी एकर आणि ९६.२५ कोटी डॉलर. जमीन मात्र जमातींना नाही, त्यांच्या नावाने काढलेल्या कंपन्यांना मिळाली. त्यावर इथे अजूनही दोन मतं आहेत. माझ्या शेजारच्या घरात एकाच जेवणाच्या टेबलाभोवती दोन्ही ऐकायला मिळतात.

त्लिंगिट आणि त्यांची शेजारी जमात हैडा यांचा वेगळा दावा १९५९ला, म्हणजे राज्य झालं त्याच वर्षी, न्यायालयाने मान्य केला : जमीन त्यांची होती आणि ती मोबदल्याशिवाय घेतली गेली. १९६८ला रक्कम ठरली, ७५ लाख डॉलर. एका कोपऱ्यासाठी, तेही त्या जमिनीच्या जुन्या किमतीने. झारला अख्ख्या अलास्काचे ७२ लाख मिळाले होते.

मीनाक्षी

मुलीला हा धागा वाचून दाखवला. तिने विचारलं, झेंड्यावर सप्तर्षी का आहेत?

उत्तरवारी

ताई, तिला सांगा, तो झेंडा तिच्याच वयाच्या मुलाने काढला. बेनी बेन्सन. आई अल्यूट-रशियन, तो लहान असतानाच ती गेली, म्हणून तो अनाथाश्रमात वाढला. आधी उनलास्काला, मग सेवर्डला. हो, त्याच सेवर्डच्या नावाचं गाव. १९२७च्या सुमारास टेरिटरीतल्या शाळकरी मुलांसाठी झेंड्याची स्पर्धा झाली. बऱ्याच मुलांनी अस्वलं, मासे, खाणी काढल्या. बेनीने निळ्या कागदावर सप्तर्षी आणि ध्रुव काढले. आश्रमात झोपायच्या आधी तो खिडकीतून ते बघायचा म्हणे.

चित्राखाली त्याने दोनतीन ओळी लिहिल्या होत्या. निळा रंग अलास्काच्या आकाशाचा आणि फर्गेट-मी-नॉटच्या फुलांचा. सप्तर्षी मोठ्या अस्वलाचे, बळाचे. आणि ध्रुवतारा 'भविष्यातल्या अलास्का राज्याचा'. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये राज्याचं नावही कुणी काढत नव्हतं.